इमेजिंग मास स्पेकचा स्लॉट मागण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यात पीएचडीचं दुसरं वर्ष. उंदरांमध्ये फॅटी लिव्हर तयार करून एका वनस्पतीच्या अर्काने ते कमी होतं का, हे बघायचंय. कंट्रोल, हाय-फॅट आणि हाय-फॅट अधिक अर्क असे तीन गट, प्रत्येकात सहा प्राणी. यकृताचा काही भाग फॉर्मेलिनमधून पॅराफिनमध्ये गेलाय, काही तुकडे ओसीटीमध्ये, म्हणजे गोठवून कापण्यासाठीच्या चिकट द्रवात, गोठवलेत, उरलेले क्रायोव्हायलमध्ये उणे 80 च्या फ्रीझरला आहेत. गाइड म्हणतात, हाय रिझोल्यूशन इमेजिंग मास स्पेक करून आण, पेपरचं वजन वाढेल. (इमेजिंग मास स्पेक म्हणजे ऊतकाच्या पातळ कापावर ठिपक्या-ठिपक्याने रेणूंचं वस्तुमान मोजून कुठला रेणू कुठे आहे याचं चित्र काढणं.) विभागात मशीन नाही. तर बाहेरच्या संस्थेतलं शेअर्ड मशीन कसं मिळवायचं, 5 मायक्रॉन रिझोल्यूशन मागायचं का, आणि स्लाइड कुरिअरने पाठवल्या तर चालतील का?

मी सोळा वर्षं मास स्पेक्ट्रोमेट्रीत काढली आहेत. त्यातली बरीचशी एका शेअर्ड सुविधेत, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसून: लोकांचे अर्ज वाचणं, त्यांच्या स्लाइड उघडून बघणं, आणि बऱ्याचदा तीन-चारशे किलोमीटरवरून आलेल्या विद्यार्थ्याला "हे चालणार नाही" असं सांगणं. ते सांगताना फार वाईट वाटायचं, कारण चूक मशीनपाशी झालेली नसायची. ती दोन-तीन महिन्यांपूर्वी, यकृत बाहेर काढल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत झालेली असायची. म्हणून उत्तर लांबलंय, पण पूर्ण वाचा.

तुम्ही विचारताय मशीन कुठे मिळेल. खरी अडचण मला वेगळीच दिसते: तुम्हाला काय बघायचंय ते अजून ठरलेलं नाही, आणि जे बघायचं ते तुमच्या नमुन्यात शिल्लक आहे का हेही तपासलेलं नाही. ही दोन उत्तरं हातात असतील तर स्लॉट मिळतो. नसतील तर मिळालेला स्लॉट वाया जातो, आणि शेअर्ड मशीनवर वाया गेलेला दिवस हा दुसऱ्या कुणाच्या तरी प्रबंधातला दिवस असतो.

आधी शिल्लक काय आहे ते. पॅराफिनचे ब्लॉक लिपिडसाठी, म्हणजे चरबीच्या रेणूंसाठी, बाजूला ठेवा. पॅराफिनमध्ये जाण्याआधी ऊतक चढत्या अल्कोहोलमधून आणि मग झायलीनमधून जातं, आणि चरबी विरघळवण्यासाठी याहून चांगलं काही शोधूनही सापडणार नाही. एच अँड ई या नेहमीच्या रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर फॅटी लिव्हरमध्ये जी गोल पांढरी भोकं दिसतात ती चरबी नाही, चरबी धुऊन गेल्यावर राहिलेली जागा आहे. तेच ब्लॉक दुसऱ्या कामाला उत्तम आहेत. सेक्शनवरच (ऊतकाच्या पातळ कापावरच) ट्रिप्सिन हे एन्झाइम टाकून पेप्टाइड बघता येतात, पीएनगेस-एफ हे एन्झाइम टाकून एन-ग्लायकॅन बघता येतात. पण तो तुमचा प्रश्न नाही.

ओसीटीमधले तुकडे बघून मला चुकचुकल्यासारखं होतं. क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठलेलं ऊतक कापण्याच्या यंत्रावर, काम करणाऱ्या प्रत्येकाला ओसीटीची सवय असते, कारण सेक्शन सुरेख निघतो. पण त्यात पॉलिथिलीन ग्लायकॉल आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं. सेक्शन कापताना ते पात्याबरोबर ऊतकावर पसरतं, आणि स्पेक्ट्रममध्ये 44 च्या अंतराने शिखरांची शिडीच उभी राहते. वर तुमच्या लिपिडचा सिग्नल दाबला जातो तो वेगळाच. ओसीटी ऊतकाच्या फक्त खाली, स्टेजला चिकटवण्यापुरतं वापरलं असेल आणि पातं त्याला शिवत नसेल तर चालतं. सगळीकडून बुडवलं असेल तर ते तुकडे ऑइल रेड ओ या चरबीच्या रंगाने रंगवायला ठेवा.

म्हणजे आशा आहे ती क्रायोव्हायलवर. ते कसे गोठवले, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. यकृताचा तुकडा थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकला असेल तर त्याच्याभोवती वाफेचं आवरण तयार होतं, गोठणं उलट हळू आणि असमान होतं, आणि तुकड्याला चिरा जातात. व्हायलमध्ये घालून नुसतं फ्रीझरमध्ये ठेवलं असेल तर बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात. मी करते ती रीत अशी: ॲल्युमिनियम फॉइलची छोटी होडी करायची, यकृताचा लोब त्यात सपाट ठेवायचा, आणि ती होडी लिक्विड नायट्रोजनवर तरंगू द्यायची. कडेने पांढरटपणा आत सरकताना दिसतो. पूर्ण पांढरं झालं की फॉइल मिटायची, नंबर घालायचा, उणे 80 ला. सलाइनमध्ये बुचकळायचं नाही, टिश्यू पेपरने दाबायचं नाही. आपल्याकडे लिक्विड नायट्रोजन मिळत नाही अशी तक्रार ऐकते, पण आणंदच्या पट्ट्यात जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी ते रोज लागतं. थोडी चौकशी केली की पुरवठादार सापडतो.

सलाइनचं मुद्दाम सांगते, कारण त्याने एक अख्खा निष्कर्ष उलटा होताना मी पाहिलाय. एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली होती, तिचाही विषय यकृतच. उपचार दिलेल्या गटात 782.57 या वस्तुमानाचा आयन ठळक, कंट्रोलमध्ये फिका. चित्र इतकं स्वच्छ की तिने ते प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर लावलेलं. आता 782.57 ला दोन उमेदवार बसतात. एक म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन 36:4, प्रोटॉन घेतलेलं, 782.569. दुसरं फॉस्फॅटिडिलकोलीन 34:1, सोडियम घेतलेलं, 782.567. फरक 0.0024 डाल्टनचा. ते वेगळे दाखवायला मशीनची रिझॉल्व्हिंग पॉवर सव्वातीन लाखांच्या वर लागते. साध्या टाइम-ऑफ-फ्लाइट मशीनवर दोघांचा मिळून एकच डोंगर दिसतो. मग वही उघडली. उपचार गटाचे प्राणी ज्या दिवशी कापले त्या दिवशी कुणीतरी यकृतं सलाइनमध्ये खळबळून घेतली होती, कंट्रोलच्या दिवशी नाही. ठळक झालं होतं ते सोडियम. औषधाचा त्यात काहीच हात नव्हता. ती रडली नाही, पण बराच वेळ बोललीही नाही.

इथेच "हाय रिझोल्यूशन" या शब्दाचा घोळ सोडवून घेऊ. या तंत्रात रिझोल्यूशन दोन असतात आणि त्यांचा एकमेकांशी झगडा असतो. एक जागेचं: पिक्सेल किती लहान. दुसरं वस्तुमानाचं: जवळजवळ सारख्या वजनाचे दोन आयन वेगळे दिसतात का. दुसऱ्यासाठी ऑर्बिट्रॅप किंवा एफटी-आयसीआर प्रकारचं मशीन लागतं, आणि तिथे जितकं बारीक वेगळं करायचं तितका प्रत्येक पिक्सेलला जास्त वेळ द्यावा लागतो. तुमच्या गाइडना यातलं कुठलं हवंय ते विचारा. बहुतेक वेळा म्हणतात पहिलं, आणि लिपिडच्या कामात गरज असते दुसऱ्याची.

आता 5 मायक्रॉन. तुमच्या विषयात कुठली मापं आहेत ते आधी मांडू. उंदराच्या यकृतात मध्यवर्ती शिरेपासून पोर्टल भागापर्यंतचं (जिथून रक्त आत येतं) अंतर तीन-चारशे मायक्रॉन. एक हेपॅटोसाइट, म्हणजे यकृताची पेशी, वीस-तीस मायक्रॉन. चरबीचा थेंब एखाद्या मायक्रॉनपासून दहा-पंधरापर्यंत. मग प्रश्न असा: अर्काने चरबी कुठल्या झोनमध्ये कमी झाली, शिरेजवळ की पोर्टल बाजूला, हे बघायचंय? तर 20 मायक्रॉन पिक्सेल भरपूर झाले, त्या अंतरात पंधरा-वीस पिक्सेल बसतात. की थेंबाच्या आतली रचना बघायचीय? मग 5 नेही भागणार नाही, ते सिम्सचं (आयनांचा झोत मारून मोजणाऱ्या तंत्राचं) काम आहे, आणि तिथे आयनांचा मारा इतका जोरात असतो की लिपिडचे तुकडे होऊन मुख्यतः फॅटी ॲसिडच हाती लागतात. नॅनोसिम्स 50 नॅनोमीटरपर्यंत जातं, पण ते मूलद्रव्यं आणि आयसोटोप मोजतं, अखंड लिपिड दाखवत नाही. तुम्ही लिहिलेलं वाचून मला वाटतं तुमचा प्रश्न झोनचाच आहे, फक्त तो तसा लिहिलेला नाही.

आणि हिशोब करून बघा. सेक्शन 8 मिलिमीटर बाय 6 मिलिमीटर धरा, मशीन सेकंदाला पाच पिक्सेल घेतं असं धरा. 50 मायक्रॉनला 19,200 पिक्सेल, तासाभरात काम. 20 मायक्रॉनला 1,20,000 पिक्सेल, पावणेसात तास. 5 मायक्रॉनला 19,20,000 पिक्सेल, जवळपास साडेचार दिवस. हे एका सेक्शनचं. अठरा प्राण्यांचे अठरा सेक्शन केले तर 5 मायक्रॉनला 80 दिवस लागतील, आणि कुठलीही सुविधा एका माणसाला इतके दिवस देणार नाही. उलट प्रत्येक सेक्शनवर 2 मिलिमीटर बाय 2 मिलिमीटरचा चौकोन निवडला आणि 20 मायक्रॉन ठेवले, तर एकाला तेहेतीस मिनिटं, अठरांना दहा तास. धन आणि ऋण आयनांच्या दोन्ही मोडमध्ये केलं तरी वीस तास. हा अर्ज मंजूर होतो.

पिक्सेल लहान केला की नुसता वेळ वाढत नाही, मालही कमी होतो. 10 मायक्रॉन जाडीच्या सेक्शनवर 10 मायक्रॉनचा पिक्सेल म्हणजे एक पिकोलिटर, अंदाजे एक नॅनोग्रॅम ऊतक. 5 मायक्रॉनला त्याचा चौथा भाग. जे लिपिड आधीच कमी आहे ते तिथे गोंगाटात बुडतं. ट्रायग्लिसराइड तर त्यातही अवघड: ते सोडियम घेऊन आयन होतं खरं, पण शेजारचं फॉस्फॅटिडिलकोलीन धनभार इतक्या सहज घेतं की ट्रायग्लिसराइडच्या वाट्याला फार उरत नाही. म्हणून चित्रात रंग फिका म्हणजे पदार्थ कमी, असं लगेच समजू नका. एकूण ट्रायग्लिसराइड किती, हे त्याच यकृताच्या उरलेल्या तुकड्याचा अर्क काढून एलसी-एमएसवर (द्रवातले घटक वेगळे करून मास स्पेकने मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. एलसी-एमएसची सोय इमेजिंगपेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी आहे. आणि हे आधी करा. गटांमध्ये एकूण फरकच नसेल तर चित्र काढायला कुठे जायची गरज नाही.

स्लाइड की ब्लॉक, काय पाठवायचं? मी नेहमी सांगते, गोठलेला तुकडा पाठवा, तिथल्या क्रायोस्टॅटवर तिथल्या माणसाबरोबर कापा, आणि शक्यतो स्वतः जा. कापून पाठवलेल्या स्लाइडचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दव. जुलै महिना होता, बाहेर पाऊस, खोलीत एसी बंद पडलेला. एका मुलाने उणे 80 मधून आणलेली स्लाइडची डबी टेबलावर ठेवली आणि घाईने झाकण उघडलं. काचेवर क्षणात धुकं आलं, मग ते जमून बारीक थेंब झाले, आणि यकृताच्या कडेचा तांबूस रंग त्या थेंबांतून काचेवर उतरताना डोळ्यांनी दिसला. मग मशीनने जे चित्र दिलं ते पाण्याच्या ओघळाचं होतं. स्लाइड पाठवायच्याच असतील तर कापल्यावर अर्धा-एक तास व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये सुकवा, मग सिलिका जेलबरोबर व्हॅक्यूम पिशवीत सील करून गोठवा. पोचल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पूर्ण एक तास. हातात धरून बघा, बाहेरून ओल येत नसेल तेव्हाच फोडा. हे वाक्य पार्सलवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, कारण पार्सल उघडणारा माणूस तुमचा ई-मेल वाचलेला असेलच असं नाही.

स्लाइड साध्या चालणार नाहीत. बहुतेक माल्डी मशीनना, म्हणजे सेक्शनवर मॅट्रिक्स नावाचं रसायन फवारून त्यावर लेझर मारणाऱ्या मशीनना, आयटीओचा वाहक थर असलेली काच लागते, आणि तो थर एकाच बाजूला असतो. डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच. मल्टिमीटर लावून रोधाचा आकडा येतो ती बाजू वर. मार्कर पेनने काही लिहू नका, शाई विरघळून सेक्शनवर येते. हिऱ्याच्या टोकाने काचेवर नंबर कोरा. मशीनला जागा ओळखू यायला सेक्शनच्या बाहेर चार कोपऱ्यांत व्हाइटनरचे ठिपके आणि त्यावर पेन्सिलीची फुली, हे तिथे गेल्यावर सुविधेची मंडळी दाखवतील. एका स्लाइडवर तिन्ही गटांचे सेक्शन ठेवा. सगळे कंट्रोल एका स्लाइडवर आणि सगळे उपचाराचे दुसरीवर ठेवले, तर मॅट्रिक्सच्या फवाऱ्यातला फरक आणि औषधाचा फरक कधीच वेगळा करता येणार नाही.

ड्राय आइस आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो. उणे 78 अंशांचा असतो, आणि जाड थर्माकोलच्या पेटीतूनही दिवसाला काही किलो उडून जातो, मे महिन्यात तर आणखी. दुप्पट भरा. पेटी हवाबंद करू नका, वायू बाहेर जायला फट हवी. विमानाने पाठवताना तो धोकादायक माल म्हणून यूएन 1845 या क्रमांकाखाली घोषित करावा लागतो. कुरिअरवाल्याला हे माहीत नसेल तर दुसरा शोधा. गाडीने स्वतः नेणार असाल तर काच थोडी खाली ठेवा, बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साठतो.

आता सुविधा कशी मिळवायची. देशातल्या शेअर्ड उपकरणांसाठी केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल आहे, 2020 च्या जानेवारीत सुरू झालेलं. त्यावर खातं काढून उपकरणाच्या नावाने शोधा. डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची, सैफ ही विश्लेषण उपकरणांची केंद्रं वेगळी आहेत. वल्लभ विद्यानगरचं सिकार्ट त्यातलं आपल्या सगळ्यात जवळचं, साध्या विश्लेषणासाठी वडोदऱ्याच्या लोकांना फार सोयीचं. पण यादीत "माल्डी-टॉफ" दिसलं म्हणून हुरळू नका. बरीच मशीनं जिवाणू ओळखण्यापुरती किंवा प्रथिनांच्या ठिपक्यांपुरती लावलेली असतात. इमेजिंगचं सॉफ्टवेअर, क्रायोस्टॅट आणि मॅट्रिक्स फवारणारं यंत्र हे तिन्ही एकाच छताखाली आहे का, हे फोन करून विचारा. परदेशात वापरकर्त्यांसाठी खुल्या सुविधा आहेत, अमेरिकेतल्या रिचलंडचं ईएमएसएल त्यातलं एक, तिथे प्रस्ताव लिहून वेळ मिळतो. पण जैविक नमुना देशाबाहेर पाठवायचा म्हणजे परवानग्यांचा वेगळा प्रवास, तुमच्या अर्कामुळे जैवविविधता कायद्याचाही विचार करावा लागेल. दुसऱ्या वर्षात मी त्या वाटेने पाठवणार नाही.

सुविधेला पहिला ई-मेल लिहाल त्यात "हाय रिझोल्यूशन इमेजिंग करायचे आहे" हे वाक्य नको. असं लिहा: उंदराच्या यकृतात पेरिसेंट्रल आणि पेरिपोर्टल भागात फॉस्फोलिपिड आणि ट्रायग्लिसराइडचं वाटप अर्कामुळे बदलतं का, ताजं गोठवलेलं ऊतक, ओसीटीशिवाय, असं असं गोठवलेलं, तीन गट, प्रत्येकी सहा, 20 मायक्रॉन, 2 बाय 2 मिलिमीटर, एलसी-एमएसची आकडेवारी सोबत जोडली आहे, प्राण्यांच्या नैतिक समितीची मंजुरी सोबत. मी टेबलापलीकडे असताना असा मेल आला की त्याच दिवशी उत्तर द्यायचे. दर विचारताना तो तासाचा आहे की नमुन्याचा, जीएसटी धरून की वेगळा, आणि कापणं व मॅट्रिक्स त्यात येतं का, हेही विचारून घ्या. लेखकांमध्ये कुणाचं नाव, हा विषय सुरुवातीलाच काढा. नुसतं मशीन चालवलं तर आभार पुरतात, पण पद्धत बसवायला डोकं घातलं असेल तर ते सहलेखक. नंतर काढलेल्या या विषयाने चांगली नाती तुटताना पाहिली आहेत.

डेटा घेताना कंपनीच्या फॉरमॅटबरोबर इमझेडएमएल फॉरमॅटही मागा, तो खुला आहे आणि विभागातल्या साध्या कॉम्प्युटरवर आर मधल्या कार्डिनल पॅकेजने उघडता येतो. मेटास्पेस या ऑनलाइन सेवेवर टाकलात तर ती फॉल्स डिस्कव्हरी रेटसकट (नावं चुकीची असण्याच्या अंदाजे प्रमाणासकट) लिपिडची नावं सुचवेल. ती नावं सूत्राच्या पातळीवरची असतात. पेपरमध्ये ठामपणे लिहायचं ते लिपिड एमएस-एमएसने, म्हणजे आयन तोडून त्याचे तुकडे मोजून, पक्कं करा. सांख्यिकीत तुमचा एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, सहा आहे, दहा हजार पिक्सेल नाहीत. पिक्सेलला नमुना धरून काढलेली पी-व्हॅल्यू रिव्ह्यूअर पहिल्या वाचनात पकडतो.

आणि झोन कसा ठरवणार? इमेजिंग झाल्यावर मॅट्रिक्स इथेनॉलने धुऊन तोच सेक्शन एच अँड ईने रंगवता येतो, लेझरच्या खुणा राहतात पण रचना वाचता येते. शेजारचा सेक्शन ग्लुटामाइन सिंथेटेजच्या अँटिबॉडीने रंगवून घ्या. मध्यवर्ती शिरेभोवती एक-दोन पेशींचं गडद कडं उमटतं. त्या कड्यावर लिपिडचं चित्र बसवलं की झोन अंदाजाने ठरवावा लागत नाही. हे काम वडोदऱ्यातच होतं, त्याला बाहेर जावं लागत नाही.

या आठवड्यात एवढंच करा. एक कंट्रोल आणि एक हाय-फॅट, अशी दोनच क्रायोव्हायल काढा. ड्राय आइसवर ठेवूनच तुकडा सोडवा, हातात वितळू देऊ नका. पाण्याच्या एका थेंबाने स्टेजला चिकटवून उणे 20 ला 10 मायक्रॉनचे पाच-सहा सेक्शन काढा आणि एच अँड ई करून बघा. पेशी फाटलेल्या, मध्ये बर्फाच्या पोकळ्या असं दिसलं तर सगळ्या अठरांचं तेच असणार, आणि मग गाइडशी बोलून नव्या प्राण्यांची एक लहान तुकडी करावी लागेल. फोटो इथेच टाका, दोन्ही गटांचे, 20एक्स ऑब्जेक्टिव्हवरचे. त्यावरून स्लॉट मागायचा की थांबायचं ते सांगते.